शिवकांतानं ठेवलेला विडा

शिवकांताबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोण? तिच्या वर्गाची फाईल बंद झाली, फाईलवर शेरा पडला, शेऱ्याखाली सही पडली, आणि सही पडली की आपल्याकडं सगळं खरं होतं. मला राग आलाय म्हणून लिहितोय. या वयात राग गिळला तर पचत नाही, त्याचं पित्त होतं.

आधी मी कोण ते सांगतो. मी धनाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. मूळचा अणदूरचा. नोकरी एकोणतीस वर्षं केली, त्यातली शेवटची सहा मुरुम या बाजारगावाच्या बाजूच्या या गावात गेली. सरहद्द इतकी जवळ की इथल्या अर्ध्या घरांत बाजाराला जाताना मराठी आणि जेवायला बसल्यावर कानडी चालते. मला मात्र कानडीचा एक शब्द येत नव्हता. सहा वर्षांत कधी गरजच पडली नाही, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो. गरज मला नव्हती, माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांना होती, हे काही डोक्यात शिरलं नाही.

शिवकांता चव्वेचाळीस वर्षांची. नवरा शांतलिंग कपडे शिवतो, आणि ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून मुरुमच्या दुकानांत देते. माहेर सरहद्दीपलीकडचं. बारावी झाली तीही लग्नानंतर, बाहेरून फॉर्म भरून, पदरात एक पोर असताना. रागावली की ती ओरडत नाही. हातातलं काम थांबवते आणि समोरच्याकडं नुसतं बघत राहते. समोरचा बोलत असतो, बोलता बोलता त्याचीच गाडी घसरायला लागते. माझी कितीदा घसरली त्याचा हिशोब नाही.

गावापासून दोन किलोमीटरवर महालिंगप्पाची वीटभट्टी आहे. दरवर्षी दिवाळी झाली की पलीकडून माणसं येतात, विटा थापतात आणि मिरगाच्या आधी परत जातात. गेल्या वर्षी मात्र महालिंगप्पानं बारा घरांना सांगितलं, पावसाळ्यात माझ्याच शेतात काम देतो, बिऱ्हाड घेऊनच या. ती माणसं कायमची राहायला आली. त्यांच्यासोबत शाळेच्या वयाची एकोणीस पोरं आली, आणि एकालाही मराठी येत नव्हतं.

अशा नव्यानं आलेल्या पोरांसाठी सरकारचा एक जादा वर्ग असतो. नोव्हेंबर ते एप्रिल. दोन्ही भाषा येणारा एक स्वयंसेवक नेमायचा, त्यानं पोरांना मराठी बोलायला, वाचायला शिकवायचं, आईबापांना भेटून इथली रीत समजावून सांगायची, आणि जूनमध्ये ज्याचं जे वय त्या इयत्तेत त्याला बसवायचं. कागदावर चांगलं आहे. कागदावर आपलं काय वाईट असतं? अर्ज एकच आला, शिवकांताचा. मी मनात म्हणालो, भाकरी थापणारी बाई, चार महिने टिकली तरी पुष्कळ.

पहिल्याच दिवशी ती माझ्याशी भांडली. आदेशात वेळ दहा ते बारा होती. ती म्हणाली, "सर, दहाला एक पोरगं यायचं न्हाय. आईबाप पहाटेपासून थापतेत, अकरापर्यंत पोरं त्यांच्या हाताखाली असतेत. बारा ते तीन मोकळी असतेत. तीनला विटा उलटायला परत पायजेत."

"आदेशात दहा लिहिलंय," मी म्हणालो.

"मग आदेशालाच शिकवा," ती म्हणाली.

मी बारा ते तीनला तोंडी परवानगी दिली. तोंडी. लेखी दिलं असतं तर वरून विचारणा झाली असती, आणि कागद घालून विचारणा ओढवून घ्यायची हौस मला नव्हती. वर्गाच्या हजेरीवहीत वेळ दहा ते बाराच राहिली. पुढचं सगळं त्या एका ओळीतून झालं.

ती रोज साडेअकराला भट्टीवर जायची आणि एकोणीस पोरांची रांग घेऊन बाराला शाळेत यायची. पोरं तिला अक्का म्हणायची. तीनला परत सोडून यायची. सोडायला गेली की झोपड्यांतनं फिरायची. कुणाच्या बाळाला डोस राहिलाय, कुणाला रेशनच्या दुकानात हुसकून लावलंय, सगळं तिच्याच कानावर. रेशनवाल्याकडं ती एका बाईला घेऊन गेली आणि काही न बोलता त्याच्याकडं बघत उभी राहिली. धान्य मिळालं. हे मला शांतलिंगनं हसत हसत सांगितलं. ती स्वतः असलं काही सांगत नाही.

आता जगदेवी. बंडप्पा आणि प्रेमाबाई या जोडप्याची थोरली, वय अकरा. वयानुसार जूनमध्ये ती पाचवीत बसणार. आदल्या वर्षी अशीच एक उमादेवी नावाची पोरगी मी थेट पाचवीत बसवली होती. जादा वर्ग तेव्हा नव्हता. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. पुस्तक उघडायचं कुठलं हे शेजारणीच्या पुस्तकाकडं बघून ठरवायची. अकरा दिवस आली आणि मग आलीच नाही. मी हजेरीवर लाल शाईनं सतत गैरहजर असं लिहिलं आणि मोकळा झालो. शिवकांतानं ते पान बघितलं होतं. तिनं मला तोंडावर सांगितलं, "जगदेवीला जूनपर्यंत वाचाय आलं पायजे. न्हायतर तुमी हिच्याबी नावापुढं लाल शाई वडणार."

पण बंडप्पा पोरगी सोडायला तयार नव्हता. भट्टीवर काम जोडीनं चालतं. एकानं चिखल द्यायचा, एकानं साच्यात थापायचा. प्रेमाबाई गरोदर होती, आज ना उद्या तिला उकिडवं बसणं जमणार नव्हतं, आणि मग जोडीला जगदेवीच होती. शिवकांतानं त्याला सरकारचा आदेश दाखवला नाही. भट्टीवरच्या माणसाला आदेशाचं काही वाटत नाही, त्याला बोलीचं वाटतं. एकदा दिलेली बोली तो मोडत नाही, कारण त्याच्याकडं द्यायला दुसरं काही नसतं. तिनं काय केलं, पान, सुपारी, चुना घेऊन गेली, चार माणसं बोलावली, कोऱ्या विटेवर विडा ठेवला आणि म्हणाली, "पोरीला मराठी पुस्तक वाचता येईपर्यंत बारा ते तीन ती माझी. वाचता आलं की तुमची. कबूल असंल तर उचला." बंडप्पानं बराच वेळ विचार केला. मग विडा उचलून तोंडात टाकला.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. म्हणालो, बाई, ही शाळा आहे का सोयरीक? ती हसली नाही. माझं हसू तसंच तोंडावर राहिलं.

जानेवारीपर्यंत जगदेवी चांगली बोलायला लागली होती. सर, पाणी पिऊ का. सर, हा माझी पिशवी घेतोय. अक्षरं ओळखायची, काना-मात्रा लावून दोन-तीन अक्षरी शब्द जुळवायची, जोडाक्षर आलं की अडायची. शिवकांताचा अंदाज होता, एप्रिलअखेर ओळी वाचेल, मे महिन्यात वर्ग नसला तरी भट्टीवर बसवून घेतलं की धडा वाचेल. तेवढाच वेळ लागतो. कुणाच्या बापाला जोडाक्षर दोन महिन्यांत आलंय?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी पावणेदहाला फोन आला. तपासणी पथक निघालंय, जादा वर्ग बघणार, अकराला पोचतील. वहीत वेळ दहा ते बारा. खोली रिकामी. मी शिवकांताला फोन लावला, ती म्हणाली, "आणते. पर चिखलातनं पोरं काढून आणाया तास तरी लागंल. सायबाला सांगा, वेळ बाराची हाय."

सांगा म्हणे. साहेबाला सांगायचं की मी आदेशातली वेळ तोंडी बदलली, आणि वहीत खोटी लिहिली. रिकाम्या खोलीचा शेरा काय पडतो ते मला पाठ आहे: विद्यार्थी शून्य, वर्ग बंद करावा. मी स्वतःची समजूत काढली की मी वर्ग वाचवतोय. खरं तर मी माझी वही वाचवत होतो.

आणि मग मी ते केलं, जे आम्ही सगळे तपासणीला करतो. पाहुणे यायचे म्हटलं की शेजारच्या घरातनं सतरंजी आणावी, तशी आम्ही पोरं आणतो. या वर्गातली त्या वर्गात, गरज पडली तर शेजारच्या शाळेतली आमच्यात. हे शिकवायला कुठलं प्रशिक्षण नसतं, तरी सगळ्यांना येतं. चौथी-पाचवीतली एकोणीस पोरं निवडली, जादा वर्गाच्या खोलीत बसवली आणि हजेरीतलं एकेक नाव एकेकाला वाटलं. मोनिका, तू सारजाबाई. नाव घेतलं की हजर म्हणायचं. पोरांना गंमत वाटली. पोलीस पाटलांची प्रतीक्षा, शाळेतली सगळ्यांत हुशार पोरगी, तिला मी जगदेवी केलं. तिलाच का? साहेब वाचायला लावतात ते मोठ्या पोरांना लावतात, आणि यादीत सगळ्यांत मोठी जगदेवीच होती. एवढा विचार मला त्या वीस मिनिटांत सुचला. या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

साहेब अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. दोघं होते. नावं पुकारली, हजर हजर झालं. मग बोट यादीवर ठेवून म्हणाले, "जगदेवी कोण? ऊठ बाळ, वाच."

प्रतीक्षा उठली आणि तिनं पाचवीच्या पुस्तकातला अख्खा धडा वाचला. न अडखळता. प्रश्नाला प्रश्न, आश्चर्याला आश्चर्य, स्वल्पविरामाला श्वास. साहेबांचा चेहरा उजळला. "दोन महिन्यांत? कमाल आहे," ते म्हणाले. मीही मान हलवली, जणू मलाही आत्ताच कळलं.

तेवढ्यात खिडकीतनं मला फाटक दिसलं. शिवकांता एकोणीस पोरं घेऊन धावतपळत आली होती. पोरांच्या पायांना गुडघ्यापर्यंत ओला चिखल होता, जगदेवीनं वेणी येता येता रस्त्यातच घातली असावी, अर्धीच होती. मी साहेबांची पाठ बघून बाहेर आलो आणि तिला म्हणालो, "टाकीमागं बसव. आवाज करू देऊ नको."

"का?" ती म्हणाली.

"बसव म्हटलं ना."

ती बघत राहिली. मी नजर चुकवून आत गेलो. आत दुसऱ्या साहेबांनी पुन्हा नावं पुकारली आणि जगदेवीला आणखी एक धडा वाचायला लावला. ज्या वर्गासाठी तपासणी आली होती त्या वर्गातली खरी पोरं पाऊण तास पाण्याच्या टाकीमागं उकिडवी बसली, आणि खिडकीतनं येणारं स्वतःचं नाव त्यांनी ऐकलं. जगदेवीनं आपण किती छान वाचतो तेही ऐकलं. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. मला चहाची काळजी होती, साखर जास्त पडली होती.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला. तो मला तोंडपाठ आहे. "विद्यार्थी मराठीचे ओघवते वाचन करतात. कु. जगदेवी हिचे वाचन उल्लेखनीय. उद्दिष्ट साध्य. सबब वर्ग पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता नाही." शेवटचं वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जीप मुरुमच्या रस्त्याला लागली होती.

शिवकांतानं शेरा वाचला. वही मिटली, टेबलावर ठेवली. हातात तसंही दुसरं काम नव्हतं.

"शून्य लिवलं असतं तर बरं झालं असतं, सर," ती म्हणाली. "शून्यावर भांडता येतं. अर्ज देता येतो, या म्हणता येतं, बारा वाजता बगा म्हणता येतं. आता काय म्हणू? पोरं हुशार हायत म्हणून तक्रार करू?"

मी म्हणालो, बघू, वर बोलतो. वर बोललो नाही. वर काय बोलणार होतो?

आठ दिवसांत वर्ग बंद करण्याचं पत्र आलं, आणि सोबत एक ओळ: उल्लेखनीय विद्यार्थिनीचा प्रजासत्ताकदिनी प्रमाणपत्र देऊन सत्कार करावा. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. दहा दिवस हातात होते. एक फोन, एक अर्ज, एक खरं वाक्य. मी प्रमाणपत्र छापून आणलं, जाड कागदाचं, सोनेरी काठाचं. असल्या गोष्टीत मी कुचराई करत नाही.

सव्वीस जानेवारीला बंडप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून आला. प्रेमाबाई पोट सावरत दोन किलोमीटर चालत आली. झेंडा झाला, भाषणं झाली, मी माइकवर प्रमाणपत्र वाचून दाखवलं, सावकाश, शब्दन् शब्द. जगदेवी पुढं आली. तिनं प्रमाणपत्र घेतलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या प्रतीक्षाकडं बघितलं. प्रतीक्षानं मान खाली घातली. अकरा वर्षांच्या पोरीला लाज वाटली आणि अठ्ठावन्न वर्षांचा मी टाळ्या वाजवत होतो.

दुपारी प्रेमाबाई शाळेत आली. फडक्यात शेंगाची पोळी होती. काहीतरी कानडीत बोलली, माझ्या पायाला हात लावायला वाकायला लागली, पोटामुळं वाकता येईना. मी नको नको म्हणालो. पोळी मात्र खाल्ली. गोड होती.

शिवकांता दुसऱ्या दिवशी पाटी-पुस्तक घेऊन भट्टीवर गेली. वर्ग सरकारनं बंद केला होता, तिनं नाही. जगदेवी साच्यापाशी होती, कोपरापर्यंत चिखलात. बंडप्पा हात धुऊन पुढं आला, आदरानं बोलला. काय बोलला ते तिनं मला नंतर सांगितलं: "अक्का, तुमचा विडा म्या खाल्ला, तुमच्या शब्दाबाहेर गेलो न्हाय. वाचाय येईस्तवर पोरगी तुमची होती. आता सरकारनं शिक्का मारून सांगितलंय, येतंय म्हणून. बोली पुरी झाली."

"तिला येत न्हाय अजून," शिवकांता म्हणाली.

"तुमी म्हणताव येत न्हाय, कागद म्हणतोय येतंय. शिक्का कुणाचा हाय?"

ती तिथून थेट माझ्याकडं आली. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "कागद तुमचा. तुमीच चला आन सांगा, कागद खोटा हाय म्हणून. त्यो ऐकंल. बोलीचा मानूस हाय."

मी म्हणालो, येतो. आज जरा दाखल्यांचं काम आहे. मग महिनाअखेर आली. मग केंद्राची बैठक आली. मग माझ्या निवृत्तीच्या कागदांची जुळवाजुळव. ती रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटं उभी राहायची, मी खिडकी लावून घ्यायचो, मग ती भट्टीवर जायची. तिथं एका झोपडीच्या सावलीला बसायची. एकोणीसपैकी नऊ-दहा पोरं यायची. जगदेवी वीस हातांवर चिखल मळत असायची, आणि शिवकांता मुद्दाम मोठ्या आवाजात शिकवायची. हे एकवीस दिवस चाललं. एकवीस दिवस ती बाई माझ्या फाटकाशी उभी राहिली आणि मी मुख्याध्यापक खिडकी लावून बसलो. हे लिहितानाही माझे कान तापतात.

बाविसाव्या दिवशी मी निघालो. धीर आला म्हणून नाही. प्रतीक्षा मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "सर, ती जगदेवी शाळेत का येत न्हाय? माझ्यामुळं व्हय?" त्या पोरीला मी काय सांगणार होतो?

वाटेत मी शिवकांताला म्हणालो, मी मराठीत सांगतो, तू कानडीत सांग.

"मी सांगनार न्हाय," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं त्याला कितींदा सांगून झालं. तुमच्या तोंडानं ऐकू दे त्याला. दोनच वाक्यं हायत." आणि चालता चालता तिनं मला ती शिकवली. निम्म मगळु पास आगिल्ल. नानु सुळ्ळु हेळिदे. तुमची मुलगी पास झाली नाही. मी खोटं बोललो. मी चुकलो की ती पुन्हा म्हणून घ्यायची, पोरांकडून घेते तशीच, न चिडता. दोन किलोमीटरमध्ये मला ती दोन वाक्यं आली. सहा वर्षांत शिकलेली माझी पहिली कानडी.

बंडप्पानं माझ्यासाठी खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्यानंच दोन्ही वाक्यं म्हटली. आजूबाजूचे हात थांबले. बंडप्पानं शिवकांताकडं बघितलं, तिनं मान हलवली. त्यानं तिला काहीतरी विचारलं.

"त्यो इचारतोय, त्या दिवशी वाचलं कुणी?" शिवकांता म्हणाली. आता ती सांगत होती.

"दुसऱ्या मुलीनं," मी म्हणालो. "जगदेवी टाकीमागं बसली होती. मी बसवली होती."

तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्यही. प्रेमाबाई झोपडीच्या दारात येऊन बसली होती. तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते. थापायला आता ती नव्हतीच, बंडप्पा आणि जगदेवी हीच जोडी झाली होती. बंडप्पा आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं प्रमाणपत्र घेऊन आला. त्यानं पोरीला हाक मारली. माणूस सरळ होता, आणि त्याला सरळ उपाय सुचला. ती आली, हात फ्रॉकला पुसले. त्यानं कागद तिच्यापुढं धरला.

"ओदु," तो म्हणाला. वाच.

मला हायसं वाटलं. आता ती अडेल. पहिल्याच जोडाक्षराला अडेल, बंडप्पाला कळेल, बोली अजून बाकी आहे म्हणेल आणि पोरगी सोडेल. शिवकांताच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

जगदेवीनं कागदाकडं बघितलं. मग दारात बसलेल्या आईकडं बघितलं, तिच्या पायांकडं. मग कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "प्रमाणपत्र. कुमारी जगदेवी बंडप्पा हिने मराठी वाचनात उल्लेखनीय प्रगती केल्याबद्दल तिचे हार्दिक अभिनंदन." न अडखळता. उल्लेखनीयला अडली नाही, हार्दिकला अडली नाही. सव्वीस जानेवारीला मी माइकवर जिथं थांबलो होतो तिथं थांबली, आणि शाळेचं नाव मी जसं ताणून म्हटलं होतं तसंच ताणून म्हणाली. सगळं पाठ होतं. तिचं बोट मात्र भलत्याच ओळीवर फिरत होतं. ती प्रमाणपत्र म्हणाली तेव्हा ते खाली तारखेवर होतं, अभिनंदन म्हणाली तेव्हा माझ्या सहीवर.

बंडप्पाला अक्षर येत नाही. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्याचे. मला काहीतरी म्हणाला, रागानं नाही, समजुतीनं.

"काय म्हणतो?" मी शिवकांताला विचारलं.

"म्हणतोय, सर, तिला येतंय की. आमची पोरगी शिकली तर तुमाला एवढं वाईट का वाटतंय?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं कानडीची दोनच वाक्यं होती, आणि ती दोन्ही म्हणून झाली होती. शिवकांता बंडप्पाला घाईघाईनं काही सांगायला लागली, बोट दाखवायला लागली. तेव्हा जगदेवीनं तिचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "अक्का, नको." एवढंच. कागद न चुरगळता पिशवीत घातला, आईकडं दिला आणि साच्यापाशी जाऊन बसली.

परत येताना शिवकांता माझ्यापुढं दहा पावलं चालत होती. मी म्हणालो, मी उद्या वर लेखी देतो, सगळं खरं लिहितो, माझी पेन्शन अडली तर अडू दे. ती थांबली नाही. गावाची पहिली घरं आली तेव्हा वळली.

"तिला खोटं वाचाय माझ्या वर्गात शिकवलं न्हवतं, सर," ती म्हणाली. "माझी पोरं ज्या दिवशी टाकीमागं हुती, त्या दिवशी त्यांचा वर्ग तुमी घेतलाव."

मी लेखी दिलं. उत्तर आलं की, सदर विद्यार्थिनीचे वाचन पथकाने समक्ष पाहिले असल्याने फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही. जूनमध्ये पाचवीच्या हजेरीत तिचं नाव चढलं. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी बघायला गेलो. नावापुढं वाचन: ओघवते असं लिहिलेलं आहे, आणि त्यापुढं रोजची लाल शाई आहे.